काळ्या कागदावरची झाडे : ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’, एका बाइंडरच्या नजरेतून

नवे पुस्तक हातात आले की मी लगेच वाचायला बसत नाही. आधी ते आडवे धरून कण्याच्या बाजूने न्याहाळतो, मग पुठ्ठ्याचे चारही कोपरे अंगठ्याने चाचपतो, मग मधोमध उघडून दोन पानांच्या बेचक्यात दोरा दिसतो का ते पाहतो, आणि एवढे झाल्यावरच पहिल्या पानाकडे वळतो. पुण्यात बाइंडिंगचा व्यवसाय करीत असल्यामुळे ही सवय अंगवळणी पडली आहे, आणि गेल्या अनेक वर्षांत मी जी पुस्तके विकत घेऊन जपली ती बहुतेक याच सवयीतून जमली आहेत. कोणी तरी ती विचारपूर्वक, हाताने, एका ठरावीक रीतीने घडवलेली असतात आणि त्या हातांकडून मला काही शिकायचे असते. या संग्रहातले जे पुस्तक मी सर्वांत जास्त वेळा बाहेर काढतो, त्याविषयी येथे लिहीत आहे. चेन्नईच्या तारा बुक्स या प्रकाशनसंस्थेने २००६ मध्ये प्रथम प्रकाशित केलेले हे पुस्तक म्हणजे ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’.

भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंग उर्वेती या मध्य प्रदेशातील तीन गोंड चित्रकारांनी काढलेली झाडांची चित्रे आणि प्रत्येक झाडाशी निगडित असलेला काही ओळींचा मजकूर, एवढाच या पुस्तकाचा ऐवज आहे. गोंडांच्या समजुतीनुसार झाडे दिवसभर कामात गुंतलेली असतात. सावली, फळे आणि आसरा देता देता त्यांना उसंत मिळत नाही, आणि रात्री सगळीकडे निजानीज झाली की त्यांचे खरे रूप प्रकट होते. हे पुस्तक त्या रात्रीच्या रूपाचे आहे. म्हणून त्याची सगळी पाने काळी आहेत आणि झाडे त्या काळ्यातून उजळत वर येतात. एका चित्रात पिंपळाचे पान आणि पिंपळाचे झाड यांचा आकार एकच असल्याचे दाखवले आहे. आपल्याकडे लहानपणी वहीत पिंपळाचे पान ठेवून त्याची जाळी करण्याचा उद्योग सगळ्यांनीच केलेला असतो, तरी पानात अख्खे झाड दिसण्याची ही दृष्टी मला तोवर कोणी दिली नव्हती.

या चित्रकारांची थोडी ओळख करून दिली पाहिजे, कारण मराठी वाचकाला त्यांच्यापैकी एक नाव कदाचित आधीच ठाऊक असेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनावरील ‘भीमायन’ या चित्रमय पुस्तकाची चित्रे दुर्गाबाई व्याम आणि त्यांचे पती सुभाष व्याम यांनी काढलेली आहेत. त्याच या दुर्गाबाई. भज्जू श्याम हे पाटणगढचे, जनगढ सिंह श्याम यांचे पुतणे. भिंतीवरची गोंड चित्रे कागदावर आणि कॅनव्हासवर आणण्याचा मार्ग जनगढ यांनी भोपाळच्या भारत भवनात काम करताना खुला केला आणि नंतरच्या पिढीने तो रुंद केला. भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये आणि दुर्गाबाईंना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. पुस्तकाला त्याआधीच, २००८ मध्ये, इटलीतील बोलोन्या येथील बालपुस्तकांच्या मेळ्यात ‘न्यू होरायझन्स’ हा पुरस्कार मिळाला होता. ही माहिती येथे देण्याचे कारण असे की, अशा पुस्तकाचे कौतुक करताना बांधणारे आणि छापणारे आम्ही लोक कधी कधी चित्रकाराला विसरतो. येथे ते शक्य नाही, कारण छपाईतला प्रत्येक निर्णय या चित्रांच्या स्वभावावरून घेतलेला आहे.

आता कागदाकडे येतो, कारण माझ्या मते या पुस्तकाचे निम्मे यश त्याच्या कागदात आहे. हा काळा हातकागद आहे, सुती लगद्यापासून बनवलेला. हातकागद पुणेकरांना अपरिचित नाही; शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे आणि आमच्यासारखे बाइंडर वहीच्या मुखपृष्ठापासून ते पुठ्ठ्याच्या अस्तरापर्यंत अनेक कामांना तो कागद वापरत आले आहेत. त्याही आधीची जुन्नरी कागदावरची दप्तरे ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना कापडाच्या तंतूंचा कागद किती काळ टिकतो हे सांगावे लागणार नाही. तरीही अख्खे पुस्तक, तेही चित्रांचे, तेही दोन्ही बाजूंनी छापून, अशा कागदावर करणे ही निराळी गोष्ट आहे. यंत्रावर बनणाऱ्या कागदात बहुतेक तंतू यंत्राच्या वाहत्या दिशेला समांतर पडतात, त्यालाच आम्ही कागदाचा ग्रेन म्हणतो; घडी ग्रेनला समांतर घातली तर पान सहज वळते, आडवी घातली तर पान ताठ उभे राहते आणि घडीवर तडकते. साच्यात हाताने उचललेल्या कागदात तंतू चहूबाजूंना पसरलेले असल्यामुळे ही दिशा जवळजवळ नसतेच. बाइंडरला यात एक सोय असते आणि एक अडचणही. सोय अशी की कागद कसाही कापला तरी फार वाकडा वागत नाही. अडचण अशी की जाड हातकागद कोणत्याच दिशेला पूर्ण शरण येत नाही आणि त्याचे पान पडताना स्वतःच्या वजनाने, थोडे सावकाश पडते.

या पुस्तकात ती सावकाश गती मला फार योग्य वाटते. पान उलटताना हाताला कापडासारखा खरखरीतपणा लागतो, बोटांवर वजन जाणवते आणि नकळत आपलाही वेग कमी होतो. पाने झरझर चाळून बाजूला ठेवावे असे हे पुस्तक नाही, आणि त्याची पाने तसे करूही देत नाहीत. आर्टपेपरवर छापलेल्या चित्रांच्या पुस्तकात दिव्याचा प्रकाश पानावर चमकतो आणि चित्र पाहण्यासाठी पुस्तक तिरके धरावे लागते. येथे काळा कागद प्रकाश शोषून घेतो आणि चमक असेल तर ती केवळ शाईची असते, म्हणजे जिथे असायला हवी तिथेच असते.

शाईविषयी जरा विस्ताराने लिहिणे भाग आहे. हे पुस्तक स्क्रीन प्रिंटिंगने छापलेले आहे. लग्नपत्रिका, फलक, स्टिकर आणि पिशव्या यांच्यामुळे हे तंत्र आपल्याला माहीत आहे, आणि बहुधा त्यामुळेच ते हलके समजले जाते. चौकटीवर ताणलेल्या जाळीवर प्रकाशाला संवेदनशील असा लेप द्यायचा, त्यावर चित्राची फिल्म ठेवून प्रकाश द्यायचा, जिथे शाई जायला हवी तिथला लेप पाण्याने धुऊन काढायचा आणि मग रबरी पट्टीने म्हणजे स्क्वीजीने शाई जाळीतून कागदावर ओढायची, ही त्याची पद्धत. एका रंगाला एक जाळी. चित्रात चार रंग असतील तर तोच ताव चार वेळा चौकटीखाली जातो, प्रत्येक वेळी वाळवावा लागतो आणि प्रत्येक वेळी पहिल्या रंगाशी दुसरा रंग अचूक जुळवून ठेवावा लागतो. हातकागदाची जाडी ठिकठिकाणी किंचित कमीजास्त असते आणि हवेतल्या दमटपणाने तो थोडा फुगतो किंवा आखडतो. चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या शहरात हे काम करणाऱ्यांना प्रत्येक तावाशी किती धीराने वागावे लागत असेल, याची कल्पना ज्याने एकदा तरी पावसाळ्यात दोन रंगी पत्रिका छापून घेतली आहे त्याला येईल.

ही चित्रे ऑफसेटवर, म्हणजे नेहमीची पुस्तके छापतात त्या यंत्रपद्धतीने, का छापली नाहीत, असा प्रश्न एका ग्राहकाने मला विचारला होता. ऑफसेटची शाई पारदर्शक असते आणि तिचा थर एक-दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या एक-दोन हजारांश भागाएवढा, असतो. तिचे रंग उजळतात ते खालच्या पांढऱ्या कागदामुळे. काळ्या कागदावर तीच पिवळी शाई दिली तर ती बुडून जाते. ऑफसेटच्या छापखान्यात अशा वेळी सोपी वाट असते: पांढराच कागद घ्यायचा आणि झाड सोडून बाकी सगळीकडे काळी शाई भरायची. तशी काळी पाने आपण पुष्कळ पाहिलेली असतात. त्यांतली रात्र वरून फासलेली असते. स्क्रीनची शाई दाट असते आणि तिचा थर ऑफसेटच्या कित्येक पट जाड बसतो, त्यामुळे ती काळ्यावरही आपला रंग राखते आणि बोटाने चाचपली तर किंचित उंच लागते. म्हणजे या पुस्तकात अंधार हाच कागद आहे आणि उजेड त्याच्यावर ठेवलेला आहे. गोंड गोष्टीत जे घडते, दिवसभराचे झाड रात्री उजळते, तेच पानावर प्रत्यक्ष वस्तूच्या रूपात घडलेले आहे. इतकी एकजीव कल्पना आणि कारागिरी मी फार थोड्या पुस्तकांत पाहिली आहे.

गोंड चित्रांतली भरण ठिपके, रेघा, साखळ्या आणि कंगोरे यांची असते आणि प्रत्येक चित्रकाराची भरण त्याच्या सहीसारखी ओळखता येते. हे बारीक काम जाळीतून नेमके उतरवणे ही छपाईची खरी परीक्षा होय. जाळी फार सैल विणीची असेल तर ठिपके एकमेकांत मिसळतात. फार घट्ट विणीची असेल तर शाईचा थर पातळ बसतो आणि काळ्यावर फिका दिसतो. माझ्या प्रतीत भिंगाखाली पाहिले असता सर्वांत बारीक रेघेची कड कागदाच्या तंतूंबरोबर किंचित हलते, पण रेघ तुटत नाही. ती हललेली कड मला दोष वाटत नाही. दगडी फरशीवरच्या रांगोळीची रेघ आणि शेणाने सारवलेल्या अंगणातल्या रांगोळीची रेघ यांत जो फरक असतो, तोच हा आहे.

ही छपाई तारा बुक्सच्या सोबत काम करणाऱ्या एएमएम स्क्रीन्स या कार्यशाळेत होते आणि बांधणीही तिथेच हाताने होते. गीता वुल्फ यांनी १९९४ मध्ये तारा बुक्स सुरू केले आणि सी. आरुमुगम यांच्या या कार्यशाळेबरोबर त्यांनी गेली कित्येक वर्षे हातछपाईची पुस्तके काढली आहेत. एवढ्या मोठ्या संख्येने पूर्णपणे हाताने छापलेली आणि बांधलेली पुस्तके सातत्याने काढत राहणाऱ्या प्रकाशनसंस्था जगातही मोजक्याच असतील. आमच्या धंद्यात हाताचे काम म्हणजे वाट पाहणे, हे गृहीतच असते. हे पुस्तक कधी कधी काही महिने मिळत नाही, मग नवी आवृत्ती येते. ज्याला घ्यायचे आहे त्याने तेवढा धीर ठेवावा.

बांधणीकडे वळतो. पुस्तकाचे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या तावांचे जुडगे, दोऱ्याने हाताने शिवलेले आहेत आणि वर पुठ्ठ्याचे कवच आहे, त्यावरही स्क्रीनचीच छपाई आहे. कातडे नाही, सोनेरी ठसा नाही, कण्यावर उंचवटे नाहीत. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला बांधणी फारच साधी वाटली होती. पुस्तक मी माझ्या काकांना दाखवले. काकांनी आयुष्यभर ग्रंथालयांची बांधणी केली आहे आणि त्यांचे डोळे आता थकले असले तरी बोटे थकलेली नाहीत. त्यांनी चित्रे नंतर पाहिली. आधी पुस्तक मधोमध उघडून बेचक्यात बोट फिरवले, दोरा ओढून पाहिल्यासारखा अंगठा दाबला आणि म्हणाले, “शिवण धरून ठेवतेय, पण अडवत नाहीये. जाड कागदाला असंच हवं.” मी विचारले, “काका, पुठ्ठा अजून भारी नको होता का?” त्यावर ते म्हणाले, “भारी पुठ्ठा घातला असता तर आतल्या कागदाचा हाताला लागणारा स्पर्श गेला असता रे. तू कागद धरायला पुस्तक घेतलंस ना?”

काकांचे म्हणणे पटायला मला काही दिवस लागले. आपल्या जुन्या पोथ्यांच्या अखेरीस लेखक पोथीच्याच तोंडून विनवणी करतो की, मला तेलापासून जप, पाण्यापासून जप आणि सैल बांधणीपासून जप. सैल बांधणीची ती भीती आम्हा बाइंडरांच्या इतकी मनात बसलेली असते की आम्ही उलट टोकाला जातो आणि पुस्तक आवळून बांधतो. आवळलेल्या पुस्तकाचे पान पूर्ण उघडत नाही, बेचक्यातले चित्र गिळले जाते आणि वाचणारा कणा मोडेपर्यंत दाबत राहतो. पोथी सुटी पानांची असे, दोन फळ्यांमध्ये ठेवून कापडात बांधलेली असे. तिची बांधणी सुटत असे म्हणूनच ती वाचता येत असे. या पुस्तकाची शिवण त्या दोन टोकांच्या मध्ये नेमक्या जागी थांबली आहे. पाने बरीच सपाट पडतात आणि उजव्या पानावरचे झाड आपल्या मुळांसकट पूर्ण दिसते.

कलात्मक बांधणी जमवणाऱ्यांच्या जगात साधेपणाला मोल फार उशिरा मिळते, म्हणून दोन उदाहरणे देतो. लंडनच्या सँगोर्स्की आणि सटक्लिफ या बाइंडरांनी उमर खय्यामच्या रुबायांची एक प्रत अशी बांधली होती की तिच्या कातड्यात १०५० रत्ने जडवली होती आणि मुखपृष्ठावर तीन मोर होते. १९१२ मध्ये ती टायटॅनिकबरोबर समुद्रात गेली. कौशल्य म्हणून तिच्यापुढे मान झुकवावी, पण ती प्रत मांडीवर घेऊन कोणी रुबाया वाचल्या असतील असे मला वाटत नाही. दुसरे उदाहरण इंग्रज कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस यांच्या केल्मस्कॉट प्रेसचे. १८९१ मध्ये सुरू झालेल्या या छापखान्याने १८९६ मध्ये चॉसर या जुन्या इंग्रजी कवीच्या साहित्याचा जो ग्रंथ काढला, तो आजही हातछपाईच्या पुस्तकांचा मानदंड समजला जातो. त्याच्या कागदावरच्या ४२५ प्रती निघाल्या आणि चर्मपत्रावरच्या १३. त्यांतल्या ४८ प्रती डव्ह्ज बाइंडरीने डुकराच्या पांढऱ्या कातड्यात बांधल्या. मॉरिस यांनी हाताचा कागद, स्वतः आखलेला टाइप, चित्रकार बर्न-जोन्स यांची ८७ चित्रे आणि समास यांचा मिळून एकच विचार केला होता, आणि त्या अर्थाने चेन्नईचे हे पुस्तक त्यांच्याच कुळातले आहे. परंतु सुंदर वस्तू सर्वांच्या घरी असाव्यात असे तळमळीने सांगणाऱ्या मॉरिस यांचा तो ग्रंथ कागदावरच्या प्रतीलाही २० पौंडांना विकला गेला, म्हणजे त्यांच्याच कारागिरांच्या आवाक्याबाहेर राहिला. ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ची किंमत हजारांच्या घरात आहे. ती कमी आहे असे मी म्हणणार नाही, पण एखाद्या चित्रकलेच्या शिक्षिकेने किंवा माझ्यासारख्या कारागिराने ठरवले तर ते पुस्तक घरी येऊ शकते, आणि अशा घरांत ते गेलेलेही मी पाहिले आहे.

येथे संग्राहकांच्या एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. प्रत्येक प्रतीवर हाताने घातलेला अनुक्रमांक असतो, पण आवृत्त्या मात्र पुन्हा पुन्हा निघतात. मग त्या क्रमांकाला काय अर्थ, असे काही जण विचारतात. पाश्चात्त्य हातछपाईच्या परंपरेत क्रमांक म्हणजे वचन असते की इतक्याच प्रती निघाल्या, छपाईची साधने मोडली, आता पुन्हा नाही. त्या वचनावर किंमत उभी राहते. मी या क्रमांकाकडे तसे पाहत नाही. स्क्रीनवर छापलेल्या कोणत्याही दोन प्रती तंतोतंत सारख्या नसतात. स्क्वीजीवरचा दाब, शाईचा दाटपणा आणि त्या तावातला तंतू यांप्रमाणे प्रत्येक झाड केसभर वेगळे होते. हा क्रमांक म्हणजे या हातांतून गेलेली ही एक प्रत, अशी नोंद आहे. शिवाय प्रत्येक नव्या आवृत्तीचे मुखपृष्ठ बदलले जाते, आतले एखादे निराळे झाड बाहेर येते. ज्यांना दुर्मीळपणाच हवा आहे त्यांना यातून पहिल्या आवृत्तीचा शोध घेता येतो, आणि बाकीच्यांना पुस्तक मिळत राहते. मला दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. जे हाताने केलेले आहे ते थोड्यांनाच मिळावे, हा नियम कारागिरांनी केलेला नाही.

माझ्याकडे या पुस्तकाच्या दोन प्रती आहेत. दुसरी प्रत मी मागवली तेव्हा एका कुरिअर सेवेने ती अशा अवस्थेत आणून दिली की वरचा एक कोपरा पूर्ण चेपलेला होता. परत पाठवण्याऐवजी मी ती ठेवून घेतली, कारण मनात एक जुनी इच्छा होती: हे पुस्तक उकलून, बकऱ्याच्या काळ्या कातड्यात, माझ्या पद्धतीने नव्याने बांधायचे. कातडे आणले, कण्यापासून फांद्या दोन्ही पुठ्ठ्यांवर पसरत जातील असे रेखाटन केले, रंगीत कातड्याच्या तुकड्यांची जडणही ठरवली. मग कामाला बसण्यापूर्वी पायऱ्या मनात घोळवू लागलो आणि एकेका पायरीवर अडत गेलो. जुनी शिवण उकलायची तर कण्याला लावलेले चिकट द्रव्य भिजवून काढावे लागते, आणि तो ओलावा काळ्या कागदात पसरला तर डाग कायमचा. कातड्याच्या बांधणीला कण्याची गोलाई चांगली दिसते, पण ती आणायची तर फर्म्यांच्या पाठीवर हातोडीने ठोकून त्यांना वळवावे लागते, आणि ज्या पानांवर शाईचे उंच थर एकमेकांवर टेकलेले आहेत त्यांना असे ठोकणे म्हणजे झाडांना झाडांवर घासणे. कडा सारख्या करायच्या तर थोडा कागद कापावा लागणार, आणि चित्रे कडेच्या इतकी जवळ येतात की कापायला जागा नाही. शेवटी माझ्या लक्षात आले की मी आखलेले रेखाटनही आतल्या चित्रांचेच दुबळे अनुकरण होते. मुखपृष्ठावर जे झाड दुर्गाबाई, भज्जू किंवा रामसिंग यांच्या हातचे आहे, त्याच्या जागी माझे झाड लावण्याला काही कारण नव्हते.

म्हणून मी कोपरा तेवढा दुरुस्त केला. चेपलेल्या पुठ्ठ्याचे पापुद्रे पातळ पात्याने सुटे केले, त्यांत घट्ट गव्हाची खळ भरली, दोन्ही बाजूंना मेणकागद ठेवून लहान फळ्यांमध्ये दोन दिवस दाबून ठेवला. खळच का, असे विद्यार्थी विचारतात. ती सावकाश वाळते, चूक सुधारायला वेळ देते आणि पुढे कधी कोणाला माझे काम काढायचे झाले तर पाण्याने सुटते. पहिल्या, धड प्रतीसाठी मात्र पेटी केली, दोन बाजूंनी उघडणारी, आतून मऊ सुती अस्तराची, बाहेरून गडद निळ्या हातमागाच्या कापडाची. कलात्मक बांधणी जमवणाऱ्यांना माझा सल्ला असा राहील की या पुस्तकाच्या बाबतीत आपल्या बाइंडरला पेटी करायला सांगावी आणि पुस्तक आहे तसे ठेवावे.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. काळा कागद मऊ असल्यामुळे बोटांचे तेलकट ठसे त्यावर लगेच उमटतात आणि पुसून जात नाहीत. पानांच्या कडा आणि कोपरे वापराने विरतात, आणि काळ्यावर ते विरणे पांढऱ्या कागदापेक्षा जास्त दिसते. नव्या प्रतीला शाईचा वास बराच काळ राहतो. मला तो आवडतो, पण ज्यांना अशा वासाचा त्रास होतो त्यांनी पुस्तक काही दिवस हवेशीर खोलीत ठेवावे. मजकूर काळ्यावर उजळ शाईत आहे आणि तो मंद दिव्यात वाचताना डोळ्यांना ताण पडतो, म्हणून वाचन दिवसाच्या उजेडात करावे हे बरे. आणि मजकूर थोडा आहे. ज्याला गोंड समाजाच्या श्रद्धा आणि कथा सविस्तर समजून घ्यायच्या आहेत, त्याची तहान या पुस्तकाने भागणार नाही. चित्रे पाहून अधिक वाचण्याची इच्छा मात्र नक्की होईल. लहान मुलांच्या हाती देण्याबाबत मी आधी साशंक होतो. माझा अनुभव असा की मुलांना सांगितले तर ती मोठ्यांपेक्षा हळुवारपणे पाने उलटतात, फक्त खाऊ आधी संपलेला असावा.

मराठी वाचकांसाठी याच संस्थेच्या आणखी एका पुस्तकाचा उल्लेख करतो. ‘डू!’ या छोट्या पुस्तकात आपल्या वारली चित्रकारांचे, रमेश हेंगडी आणि शांताराम धडपे व त्यांच्या सहकाऱ्यांचे काम आहे. तपकिरी कागदावर पांढऱ्या रंगात स्क्रीनने छापलेली माणसे चालतात, नाचतात, शेतात राबतात. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाने काढलेली ही चित्रे कागदावर आणताना पांढरा आर्टपेपर निवडला असता तर सगळे उलटे झाले असते. तपकिरी कागद निवडल्यामुळे कुडाची आठवण शिल्लक राहिली. कागद ही चित्राची जमीन आहे, हा विचार येथेही तोच आहे. ज्यांना पहिल्याच वेळी मोठ्या पुस्तकावर खर्च करावासा वाटत नाही, त्यांनी येथून सुरुवात करावी.

साठवणीविषयी दोन गोष्टी. हे पुस्तक कपाटात उभे ठेवू नये. जाड कागदाचे वजन शिवणीवर लोंबते आणि काही वर्षांत पाने पुठ्ठ्याच्या खालच्या कडेला टेकू लागतात. आडवे ठेवावे आणि त्यावर दुसरे जड पुस्तक ठेवू नये, कारण दमट हवेत शाईचे दोन थर एकमेकांना चिकटण्याची भीती असते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात महिन्यातून एकदा, पुण्यात अख्ख्या पावसाळ्यात दोनदा-तीनदा पुरे, ते बाहेर काढून पंख्याखाली पाने सावकाश उलटावीत. कसर लागू नये म्हणून पेटीत कडुलिंबाचा सुका पाला कापडी पुरचुंडीत ठेवण्याची जुनी रीत मी पाळतो. पाला थेट पानांत ठेवू नये.

चांगल्या कोपऱ्याची प्रत घरी पेटीत आहे. कोपरा सांधलेली प्रत दुकानात खालच्या खणात कापडात बांधून ठेवली आहे, आणि बाइंडिंग शिकायला येणाऱ्या मुलामुलींना पहिल्या दिवशी हात धुऊन यायला सांगून मी तीच उघडायला देतो.